हुंडणावळीच्या फरकावर कर कसला?

महाराष्ट्रातील लहान कारखानदार, त्यांचे जमाखर्चनवीस आणि करसल्लागार यांस जाहीर विनंती

परदेशस्थ तंत्रज्ञास अथवा सल्लागारास मोबदला देताना त्यावरील प्राप्तिकर आधी कापून घ्यावा आणि सरकारी खजिन्यात भरावा, ही जबाबदारी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या १९५ व्या कलमाने देणाऱ्यावर टाकली, आणि तिच्याविरुद्ध आमची काहीही तक्रार नाही. ज्याचे उत्पन्न या देशात उपजते परंतु ज्याच्या दारी आपला वसुली अधिकारी जाऊ शकत नाही, त्याच्याकडून कर घेण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग नाही. आमची तक्रार निराळी आहे. वहीत रक्कम जमा केल्याचा दिवस आणि ती प्रत्यक्ष रवाना झाल्याचा दिवस यांच्या दरम्यान रुपया घसरला, तर त्या घसरणीच्या रकमेवरही कर कापावयास हवा होता असा शोध लावून, प्रामाणिकपणे कर भरलेल्या माणसालाच कसूरदार ठरविण्याची जी रीत काही अधिकाऱ्यांनी पाडली आहे, ती कायद्याला धरून नाही, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

उदाहरण घ्यावयाचे तर कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्री चालविणारा एखादा कारखानदार घ्या. साच्याच्या वाळूची प्रत सुधारण्यासाठी त्याने जर्मन तज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि त्याचे २०,००० युरोचे बिल ३१ मार्चला तज्ज्ञाच्या खात्यावर जमा केले. त्या दिवशीचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँकेचा परकी चलन खरेदीचा दर, ९० रुपये होता असे समजू. बिलाची किंमत झाली १८,००,००० रुपये. उभय देशांतील करविषयक करारानुसार १० टक्के म्हणजे १,८०,००० रुपये कर कापून त्याने ३० एप्रिलच्या आत भरला. राहिलेले १८,००० युरो जूनमध्ये पाठविले, तेव्हा बँकेने विक्रीचा दर ९३ रुपये लावला आणि १६,७४,००० रुपये खात्यातून वजा केले. (करारातील शब्दयोजना पाहता कर नोंदीच्या वेळी कापावा की रक्कम अदा होईल तेव्हाच, हा स्वतंत्र वाद आहे, त्याचा पदर येथे उघडत नाही.)

आता अधिकारी बेरीज मांडतो ती अशी: सोळा लाख चौऱ्याहत्तर हजार आणि एक लाख ऐंशी हजार मिळून १८,५४,००० झाले, त्याचा दहावा हिस्सा १,८५,४००, सबब ५,४०० रुपये कमी कापले, वर दरमहा एक टक्का व्याज. बेरजेत चूक नाही, चूक तिच्या पायातच आहे. त्या तज्ज्ञाचा मोबदला २०,००० युरो ठरला होता, त्यातले २,००० कराच्या रूपाने गेले आणि १८,००० त्याला पोचले; एक सेंटही त्याला जास्त मिळाला नाही. जे ५४,००० रुपये वाढले ते युरो विकत घेण्याच्या खर्चात गेले, आणि तो खर्च कारखानदाराचा आहे, त्याच्या नफातोटा पत्रकात पडणारा आहे. महसुली देण्यावरील असे नुकसान खर्च म्हणून वजा मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये वुडवर्ड गव्हर्नरच्या प्रकरणात स्पष्ट केले. एकाचा तोटा तो दुसऱ्याचे उत्पन्न मानून त्यावर कर मागणे हा कोणता न्याय?

आणि नियमाने तरी संदिग्धता कोठे ठेवली आहे? खात्यावर जमा करणे किंवा रक्कम देणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कर कापावा, असे १९५ वे कलम सांगते. ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकली तरी सुटका नाही, हेही तेच कलम सांगते. प्राप्तिकर नियमांतील २६ वा नियम त्यापुढे जाऊन म्हणतो की कर ज्या तारखेस कापणे आवश्यक होते, त्या तारखेचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट धरावा. 'कापला त्या' नव्हे, 'कापणे आवश्यक होते त्या' तारखेचा. म्हणजे आळशी माणसाने चार महिने उशिरा कर कापला तरी त्याला सोयीचा दर निवडता येत नाही. मग वक्तशीर माणसाच्या माथी नंतरचा दर कोणत्या आधारावर मारावयाचा? घटना एकदाच घडते, दर एकदाच ठरतो, कर एकदाच कापला जातो. आगाऊ रक्कम दिली असेल तर देण्याच्या दिवसाचा दर कायम होतो आणि पुढे बिल कोणत्याही दराने नोंदले तरी त्या रकमेवर पुन्हा कपात नाही, हेही त्याच न्यायाने.

रुपया वधारतो तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे आहे. जूनमध्ये दर ८७ असता तर याच रीतीच्या बेरजेने कारखानदाराने कर जास्त भरला असे निघाले असते. तो परत घेऊन जा, अशी नोटीस कोणाला आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

माणसे तरीही पैसे भरून मोकळी होतात, कारण भीती रास्त आहे. देशांतर्गत देयकावर कर न कापल्यास खर्चाचा तीस टक्के भाग अमान्य होतो; परदेशी देयकाच्या बाबतीत मात्र सबंध खर्चच अमान्य करण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यात आहे. पाच हजारांच्या तगाद्यासाठी अठरा लाखांचा खर्च वादात कोण घालणार?

नियमातही उणिवा आहेत. स्टेट बँकेचे दरपत्रक रोज बदलते, आणि तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचा दर विचारला गेला की जमाखर्चनवीस जुने कागद धुंडाळत बसतो. नोंद रविवारी झाली तर कोणता दर, याविषयी नियम मुका आहे. आयात मालाच्या मूल्यासाठी सीमाशुल्क खाते आपला विनिमय दर जाहीर करते. २०१८ पासून 'फायनॅन्शियल बेंचमार्क्स इंडिया' ही संस्था रुपयाचे संदर्भदर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी प्रसिद्ध करते. असे असता एका बँकेच्या दरपत्रकावर सबंध देशाची करकपात टांगून ठेवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, तरी जुन्या वर्षांच्या चौकश्या अजून काही काळ चालणारच. म्हणून केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाकडे आमची मागणी आहे की नंतरच्या हुंडणावळीच्या फरकावर कपात नाही, असे परिपत्रकाने निःसंदिग्धपणे सांगावे, आणि सुटीच्या दिवशी आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा संदर्भदर धरावा. तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. नोंदीच्या दिवशीच दरपत्रकाची छापील प्रत व्हाउचरला जोडून ठेवावी. आणि फरकावर कर मागणारी नोटीस आली, तर पैसे भरण्याआधी २६ व्या नियमाचा हवाला देऊन, ही मागणी कोणत्या नियमाखाली आहे याचे उत्तर लेखी मागावे.