विहिरीचे अंतर कोण मोजणार?

नव्या पेट्रोल पंपाच्या बाबतीत पर्यावरणाचा प्रश्न बहुधा धुराचा आणि आगीचा मानला जातो. वऱ्हाडातील धामणगाव रेल्वे तालुक्यात मात्र तो आधी मातीचा आणि मग पाण्याचा आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे तिच्यात पुरलेल्या टाकीच्या नळांवर आणि सांध्यांवर दरवर्षी ताण येऊ शकतो. म्हणूनच टाकीभोवतीची काळी माती काढून वाळू भरणे येथे अत्यावश्यक ठरते. खाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण आहे. त्याच्या फटींतून आणि झिजलेल्या थरांतून पाणी वाहते, आणि त्याच वाटांनी गळलेले इंधनही विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पेट्रोल हलके असल्याने त्याचा तवंग दिसतो, पण त्यातील बेंझीन हा कर्करोगकारक घटक काही प्रमाणात पाण्यात विरघळतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ७ जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर दूर हवा. अडचणीच्या जागी अतिरिक्त सुरक्षा उपाय करून हे अंतर कमी करता येते, तरी ते ३० मीटरच्या खाली जाऊ शकत नाही. टाकी भरण्याचे तोंड, इंधन देणारे यंत्र आणि वाफ सोडणारी नळी यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तेथून हे अंतर मोजतात. अंतराची ही अट योग्यच आहे, परंतु तिच्यात विहिरीचा उल्लेख नाही, आणि वऱ्हाडातील शेतशिवारासाठी ही उणीव मोठी आहे.

पंपावर टाकीत दांडी सोडून साठा मोजतात. तिच्या टोकाला लावलेला लेप पाणी लागताच रंग बदलतो. हा बदललेला रंग आणि विक्रीशी न जुळणारा साठा या गळतीच्या पहिल्या खुणा होत, मात्र त्या पंपाच्या वहीतच राहतात आणि शेजारच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. टाकी बसण्यापूर्वी जवळच्या विहिरींच्या पाण्याची बेंझीनसाठी तपासणी झालेली नसेल, तर पुढे पाणी बिघडल्यास ते कशाने बिघडले हे सिद्ध करणे फार कठीण जाते. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेल्याने इंधनाची मागणी वाढणारच आहे; तेव्हा पंपाचा प्रस्ताव येताच ही तपासणी ना हरकत प्रमाणपत्राची अट व्हावी, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतींनी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.