धरणाची उंची मोजली, माणसे कोण मोजणार?

संसदेने 2021 साली धरण सुरक्षा कायदा संमत केला आणि धरणांखालच्या जनतेला अभय मिळाल्याचा गाजावाजा झाला. सिल्लोड तालुक्यातील कष्टकऱ्याने मात्र या कायद्याची मोजपट्टी नीट पाहून घ्यावी. 15 मीटरहून उंच धरण कायद्याच्या कक्षेत येते. 10 ते 15 मीटर उंचीचे धरण, किमान 500 मीटर लांबी किंवा किमान दहा लाख घनमीटर साठा अशा अटींपैकी एखादी पुरी करील तरच येते. त्याखालचे सारे बाहेर; मग मालक सरकार असो, कंपनी असो वा बडा बागाईतदार.

अजिंठ्याच्या डोंगरातून पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या या तालुक्यातील पाझर तलाव, नाल्यांवरचे मातीचे बांध आणि खासगी शेततळ्यांच्या पाळी बहुतांशी याच ‘बाहेर’च्या रकान्यात पडतात.

मातीचा भराव फुटतो तो दैवी कोपाने नव्हे. सांडवा अपुरा असला वा झुडपांनी चोंदला, की पाणी माथ्यावरून वाहते आणि भराव कापत जाते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या भेगांतून, घुशींच्या बिळांतून पाणी वाट काढते. ही लक्षणे आधी दिसतात; परंतु पाहण्याची जबाबदारीच कोणावर नसेल तर ती दिसूनही उपयोग काय?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 6 नोव्हेंबर 1977 रोजी केली बार्न्स हे मातीचे धरण फुटले. मालकी खासगी, उंची सुमारे 12 मीटर, साठा दहा लाख घनमीटरहून कमी. 39 माणसे मेली. उंची, लांबी आणि साठा यांच्या आपल्या मापाने हे धरण मोजण्याच्याही लायकीचे ठरले नसते! त्या देशात आज धरणाचा धोकावर्ग ठरतो तो फुटल्यास खाली किती जीव जातील यावरून. आपल्याकडे उंचीची पट्टी पुरेशी मानली जाते.

मापात बसूनही सुटका नाही, हे चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाने 2 जुलै 2019 च्या रात्री दाखवले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. 20 हून अधिक जीव गेल्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकड्याला ना मत असते, ना वकील.

अशा वर्गवारीने छोट्या शेतकऱ्यावर बोजा पडेल, अशी ओरड होईल. वस्तुस्थिती उलट आहे. ज्या शेततळ्याखाली केवळ शेत आहे, ते सर्वांत खालच्या वर्गात जाईल आणि त्याचा मालक मोकळा राहील. बोजा पडेल तो ज्याच्या पाळीखाली मजुरांची वस्ती, शाळा वा रस्ता आहे त्याच्यावर; आणि तो पडलाच पाहिजे. पाण्याचा नफा एकाचा आणि पुराचा धोका भूमिहीनाचा, ही वाटणी समाजवाद्यांना मान्य होणे शक्य नाही.

म्हणून मृगापूर्वी सिल्लोडच्या प्रत्येक ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: गावाच्या वर किती पाळी आहेत? त्यांचे मालक कोण? त्यांच्याखाली किती माणसे झोपतात? या उत्तरांची यादी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवावी आणि पोच घ्यावी. दुष्काळी कामांवर ज्यांच्या डोक्यावरून या बांधांची माती वाहिली गेली, त्यांच्याच झोपड्यांवर ती कोसळू नये, एवढा हिशेब सरकारकडून वसूल करावाच लागेल.