पाण्याखालचा सातबारा

पावसाळा सरला की वर्तमानपत्रांतून तलाव वाहू लागतात. ‘तलावाकाठी, निसर्गाच्या कुशीत, पुण्यापासून तासाभरावर’ अशा जाहिराती आणि खाली निळ्या पाण्याचे चित्र. चित्रातल्या तळ्याला वय नसते, गाव नसते आणि शेजारीही नसतात. पुण्याच्या पश्चिमेची ही तळी मात्र निसर्गाने केलेली नाहीत. खडकवासला, भाटघर, मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव ही सगळी धरणे. जुन्या इंग्रजी नकाशांत तर खडकवासल्याला ‘लेक फाइफ’ आणि भाटघरला ‘लेक व्हायटिंग’ म्हटलेले आढळते. साहेबाने इंजिनिअरांची नावे पाण्याला दिली. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे शोधायला वेगळे कागद काढावे लागतात.

हे कागद काढायचा योग मला पुतण्यामुळे आला. मुळशीच्या जलाशयाच्या वर, उतारावर एक जुनी कौलारू बंगली आणि भोवतीची बावीस गुंठे जमीन त्याला घ्यायची आहे. इंटरनेटवरून काढलेला सातबारा, डिजिटल सही असलेला, त्याने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “काका, एकदम स्वच्छ आहे.” वकिलाच्या कचेरीत पंचवीस वर्षे कारकुनी केल्यामुळे ‘स्वच्छ’ या शब्दाची मला धास्ती वाटते. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. जमीन महसूल अधिनियमाच्या १५७ व्या कलमाप्रमाणे त्यातली नोंद खरी मानायची, पण कुठवर, तर उलट सिद्ध होईपर्यंतच. शिवाय सातबाऱ्यात नावे असतात, चित्र नसते. मी त्याला म्हटले, नकाशे आण.

आणि मग दोन-तीन महिने आम्ही दोघे भूमी अभिलेख कार्यालयाच्या पायऱ्या चढलो-उतरलो. आजचा गट नंबर हे या वाटेवरचे अलीकडचे टोक. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव योजना राबवल्या गेल्या, तेव्हा जुने सर्व्हे नंबर मोडून गट झाले. म्हणून आधी एकत्रीकरणाचा उतारा काढायचा आणि आपला गट कोणत्या सर्व्हे नंबरांच्या पोटातून आला ते पाहायचे. मग फेरफारांची साखळी: खरेदी, वारस, कूळ, वाटणी. त्याही मागे जायचे तर टिपण.

टिपण म्हणजे शेताचे मोजणीचे चित्र. मला त्याचे फार वेड. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची जी मोजणीपद्धत बसवली, १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला कायमचे रूप दिले, तिच्यात साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. रुपयाचे आणे केव्हाच गेले, पण टिपणावरचे ‘४ साखळ्या ११ आणे’ अजून तसेच आहेत. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, हाच आपला गुंठा! फ्लॅटचा भाव चौरस फुटाने विचारणाऱ्या माझ्या पुतण्याला हे कळल्यावर तो चक्क दहा मिनिटे गप्प बसला.

आमच्या टिपणाचा कागद पिवळा पडून कडेने झडला होता, तरी बांधाचा तिरका कोपरा आणि हद्दीच्या दगडांच्या खुणा वाचता येत होत्या. त्यानंतर मी एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे सर्व्हे खात्याचे दोन नकाशे शेजारी शेजारी पसरले, एक धरणापूर्वीचा आणि एक नंतरचा. पहिल्यात मुळा नदी वळणे घेत जाते, नीला तिला येऊन मिळते आणि काठाने गावांचे ठिपके ओवल्यासारखे दिसतात. दुसऱ्यात त्याच जागी नुसती निळी शाई.

मधली हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे, निदान असायला हवी. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारने मुळशी पेट्यातली भातखाचरे घेऊन दिली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. लढा हरला. धरण १९२७ मध्ये पुरे झाले आणि पूर्वेला वाहणारे पाणी सह्याद्री भेदून पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजघराकडे उतरू लागले.

पण लढा हरण्याचे एक कारण कागदांत आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. कसणारा कुणबी मावळातला, पण जमिनीवरचा हक्क पुष्कळ ठिकाणी पुण्याच्या सावकाराकडे गेलेला. कुणब्याला जमीन हवी होती. सावकाराला मोबदला चालत होता. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदी लिहिल्या जाऊ लागल्या त्या या स्थितीत. आमच्याच सर्व्हे नंबरात, जो संपादनाच्या रेषेच्या वर राहिल्यामुळे वाचला, पहिले नाव कुणब्याचे, दुसरे सावकाराचे आणि कूळ कायद्यानंतर, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या हिशेबाने, पुन्हा त्याच कुणब्याच्या नातवाचे. पन्नासएक वर्षांत जमीन कागदावर फिरून घरी आली. खाली ज्यांची बुडाली त्यांना फिरून यायला जागाच उरली नव्हती. विस्थापितांचे पुनर्वसन हा शब्दच महाराष्ट्राच्या कायद्यात शिरला तो १९७६ साली.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या गावनकाशावर आमच्या बावीस गुंठ्यांच्या मधून एक तुटक रेघ जाते. पायवाट. वरच्या वाडीतून निघते आणि खाली नदीकाठच्या गावात उतरते. गटाच्या नव्या नकाशात ती नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. विकणाऱ्याचे म्हणणे, “ती काय, बायाबापड्यांची जुनी सवय आहे. तारेचं कुंपण घातलं की बंद होईल.” आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिले. वाट आहे. बंगलीच्या ओट्यापासून वीस पावलांवरून जाते, गुरांच्या खुरांनी खोल झालेली, आणि थेट पाण्यात शिरते. वाडीतल्या एक आजी शेळ्या घेऊन येत होत्या. त्यांनी हात लांब करून दाखवले, “सासूचं गाव त्या तिथं, पान्याखाली. वाट मातुर हीच हाये बाबा.”

गाव गेले, गावाला जाणारी वाट राहिली. आता ती गुरे पाण्यावर नेण्याची झाली आहे. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो, आणि तिथे जुना गावनकाशा हा भक्कम पुरावा ठरतो. हे कायद्याचे झाले. परंतु मला त्यापलीकडचे वाटते. तळ्याकाठी विसाव्याला जाणाऱ्याने तळ्याच्या आधीच्या माणसांची चाल अडवू नये. शहरातला माणूस शांतता विकत घेतो तेव्हा दुसऱ्याच्या वाटेवरची वर्दळ बंद करण्याचा हक्कही आपण घेतला असे त्याला वाटू लागते. मुळशीला आपण वीज मागितली, मग पाणी पाहायला जागा मागितली. वाट तरी मागू नये.

पुतण्याला हे पटायला वेळ लागला. बायकोने त्याला विचारले म्हणे, “ओट्यावर चहा पिताना समोरून म्हशी जाणार का?” जाणार. खरेदीखताच्या मसुद्यात आम्ही वाटेचा उल्लेख घातला आहे: कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, रुंदी किती, वहिवाट कोणाची. विकणाऱ्याने दोनदा ते वाक्य खोडले, दोनदा आम्ही पुन्हा लिहिले. सरकारी मोजणीचा अर्ज भरून झाला आहे. भूकरमापक आता साखळीऐवजी रोव्हर यंत्र घेऊन येतात. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. वाडीतल्या लोकांना त्या दिवशी हजर राहायला सांगितले आहे, आणि टिपणाची नक्कल मी बरोबर नेणार आहे.