शाळेला गुण मिळाले, पण मुलाला वाचता येतं का?

जून जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला कुठं टाकायचं? झेडपीच्या उर्दू शाळेत, नगरपालिकेच्या मराठी शाळेत, की कर्ज काढून इंग्रजीत? मग कुणी सांगतं, "त्या शाळेला बक्षीस मिळालंय", कुणी सांगतं, "तिचा निकाल शंभर टक्के आहे." या गुणांमध्ये आणि टक्क्यांमध्ये नेमकं काय मोजलेलं असतं, हे मात्र पालकांना कुणी समजावून सांगत नाही. आम्ही शिक्षक लोक ही माहिती दरवर्षी भरतो, त्यामुळे ते सांगणं आमचंच काम आहे.

आधी राज्याचं बघू. केंद्र सरकार २०१७-१८ पासून राज्यांच्या शालेय शिक्षणाला १००० पैकी गुण देतं. या निर्देशांकात २०२०-२१ साली महाराष्ट्राला ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबलाही तेवढेच. बातम्या झाल्या, अभिनंदन झालं. पण त्या हजारात मुलांच्या प्रत्यक्ष शिकण्याला फक्त १८० गुण होते आणि प्रशासनाच्या कामकाजाला ३६०. म्हणजे ऑनलाइन नोंदी, हजेरीची यंत्रणा, निधी वेळेवर पोचणं, अशा गोष्टींना शिकण्याच्या दुप्पट वजन! पुढच्याच वर्षी निकष बदलले आणि शिकण्याचे गुण २४० झाले. तेव्हा देशातलं एकही राज्य वरच्या पाच श्रेणींत बसलं नाही. एका वर्षात सगळ्या देशाचे वर्ग बिघडले, असं काही झालं नव्हतं. मोजपट्टी बदलली होती.

आता शाळेच्या पातळीवर या. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात शाळांना १५० पैकी गुण दिले गेले. त्यात पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या धोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. याचा अर्थ बक्षीस खोटं असतं असा नाही. स्वच्छ पाणी आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नसेल तर सातवीनंतर मुली घरी बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सुविधा मोजल्याच पाहिजेत. पण भिंतीवरची चित्रं बघून वर्गातली तालीमही तेवढीच चांगली असेल, असं समजू नये. अलीकडे शाळांनी १२८ मानकांवर स्वतःच स्वतःचं मूल्यांकन करायची पद्धतही आली आहे. शाळेला स्वतःकडे बघायला ती उपयोगी आहे, पण ज्याचा पेपर त्यानंच तपासायचा म्हटल्यावर तिला मर्यादा आहेत.

मग मुलांचं शिकणं मोजतच नाहीत का? मोजतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी घेतली गेली. पण ती निवडक शाळांतल्या निवडक मुलांची होती. तिच्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या गल्लीतल्या शाळेचं नाही. शिवाय सरासरीचा एक दोष असतो. जिल्ह्याची सरासरी बरी आली की त्याखाली एखादी शाळा, एखादी वस्ती, एखादं माध्यम मागं पडलेलं असेल तर ते दिसत नाही. उर्दू माध्यमाची मुलं बहुतेक जिल्ह्यांत संख्येनं थोडी असतात, म्हणून ती सरासरीत सहज झाकली जातात.

दहावीच्या निकालाचंही तसंच. समजा, एका शाळेत आठवीला ४० मुलं होती. दहावीला बसली २४ आणि सगळी पास झाली. निकाल शंभर टक्के! उरलेली १६ कुठं गेली? कुणी गॅरेजवर, कुणी बेकरीत, कुणाचं लग्न ठरलं. निकालाच्या टक्केवारीत त्यांचा हिशोबच नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात होतं की ६ ते १४ वयाची चारपैकी एक मुस्लिम बालकं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. तो आकडा जुना झाला. पण प्राथमिक उर्दू शाळा गावात आणि उर्दू हायस्कूल तालुक्याला, ही अडचण अजून अनेक ठिकाणी आहे.

गुणांकनाचा सगळ्यात मोठा फटका वेगळाच आहे. शाळा 'मागे' अशी चर्चा झाली की ज्यांना जमतं ते पालक दाखला काढतात. पट घटतो. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद कमी होतं. शिक्षक कमी झाला की एकाच माणसावर दोन-तीन वर्ग येतात आणि शिकवणं आणखी ढासळतं. शेवटी तिथं उरतात ती सगळ्यात गरीब घरची मुलं, आणि पुढचे गुण त्यांच्या नावावर लागतात. त्यात दोष त्यांचा काहीच नसतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की शाळेचा एकूण गुण न बघता त्याचे तुकडे करून बघा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृह यांची माहिती ऑनलाइन मिळते. मोबाइलवर बघता येते, मुलांना सांगा, ती काढून देतील. नियतकालिक मूल्यांकन चाचणीत आपल्या मुलाला भाषा, गणित आणि इंग्रजीत किती गुण पडले, ते वर्गशिक्षकांना विचारा. आणि घरी मागच्या इयत्तेच्या पुस्तकातला न वाचलेला परिच्छेद त्याच्यापुढे ठेवा. न अडखळता वाचून दोन वाक्यांत सांगता आलं, तर पाया ठीक आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत ही समिती सल्ल्यापुरती असते, पण प्रश्न विचारायला तिथंही मनाई नाही. बैठकीत अम्मींनी नुसती सही करून परत येऊ नये. तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. तिसरीतली किती मुलं आपल्या माध्यमात सलग वाचतात? गेल्या वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं-मुली पुढं कुठं दाखल झाली? गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे का, असेल तर कधीपासून?

आम्हा शिक्षकांना हे प्रश्न कधी टोचतील, पण ते यायलाच हवेत. रिकाम्या जागेबद्दल आम्ही लिहिलेलं पत्र फायलीत राहतं. तेच समितीच्या ठरावानं, पंचवीस पालकांच्या सह्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं, तर त्याची दखल घ्यावी लागते. या जूनमध्ये दाखला काढायचा विचार असेल तर जरूर करा, तुमचा हक्क आहे. फक्त त्याआधी एकदा या तीन प्रश्नांची उत्तरं जुन्या शाळेतून घ्या, आणि नव्या शाळेतूनही.