खातं तिचं, ओटीपी कुणाचा?

शेअर बाजाराची बातमी आली की आपल्यापैकी बहुतेक जणी पान उलटतात. 'सेन्सेक्स कोसळला', 'गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, हे आपलं नाही, हे दलाल स्ट्रीटवरच्या मंडळींचं. खरं तर ही बातमी वाचणं भाजीच्या भावापेक्षा फार अवघड नाही. उदाहरणच घ्या. २८ एप्रिल १९९२ रोजी, हर्षद मेहता प्रकरण गाजत असताना, सेन्सेक्स एका दिवसात ५७० अंकांनी पडला. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, तो सुमारे ४,३९० अंकांनी पडला. मोठी पडझड कुठली? अंक बघितले तर दुसरी. पण १९९२ ला बाजार जवळपास १३ टक्क्यांनी उतरला होता आणि २०२४ ला ६ टक्क्यांहून कमी. दहा रुपयांची मेथीची जुडी पंधराला झाली तर आपण भाजीवाल्याशी भांडतो; हजाराच्या साडीत पाच रुपये इकडेतिकडे झाले तर बघतही नाही. तेच गणित. अंक नाही, टक्के बघायचे.

पण मैत्रिणींनो, आज मला सांगायचं आहे ते वेगळंच. ज्या बाजाराचं पान आपण उलटतो, त्या बाजारात आपलं नाव केव्हाच जाऊन बसलंय. देशातल्या डिमॅट खात्यांची संख्या २०२५ मध्ये २० कोटींच्या पुढे गेली. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या आकडेवारीनुसार चार गुंतवणूकदारांमागे साधारण एक बाई आहे. महिलादिनाला हे आकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जातात. कौतुक मलाही आहे. फक्त एक प्रश्न पडतो, यातली किती खाती बायका स्वतः चालवतात?

बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, "डिमॅट खातं कुणाकुणाचं आहे?" दोन-तीन हात वर आले. मग प्रश्न बदलला. "मुलाने किंवा ह्यांनी तुमचं पॅनकार्ड, आधारकार्ड घेऊन, मोबाइल तोंडासमोर धरून 'जरा इकडे बघ' असं कधी म्हटलंय का?" आता मात्र बऱ्याच जणी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "हो की, ते काहीतरी केलं होतं बाई!" ते 'काहीतरी' म्हणजेच डिमॅट खातं. आधारचा ओटीपी, चेहऱ्याचा फोटो, कागदावर केलेली सही. झालं काम.

घरातल्या पुरुषांना आपल्या नावाचं खातं लागतं कशाला? एक कारण आयपीओ. कंपनी पहिल्यांदा शेअर विकायला काढते तेव्हा एका पॅनवर एकच अर्ज चालतो आणि मागणी जास्त असली की सोडत काढतात. घरात चार पॅन असले तर चार चिठ्ठ्या. मे २०२२ मध्ये एलआयसीचा आयपीओ आला तेव्हा पॉलिसीधारकांना शेअरमागे ६० रुपये सवलत होती. पॉलिसी आपल्या नावावर, मग डिमॅटही आपल्या नावावर हवं. ९४९ रुपये किमतीचा तो शेअर १७ मे रोजी मुंबई शेअर बाजारात ८६७ रुपयांवर उघडला, हा भाग वेगळा. आयपीओची गडबड संपली, खातं मात्र तसंच राहिलं. आपल्या नावाचं, पण मोबाइल नंबर आणि ई-मेल घरातल्या दुसऱ्याच माणसाचा.

इथेच खरी गोम आहे. डिमॅट खात्याचे सगळे निरोप नोंदवलेल्या नंबरवर जातात. शेअर आले, गेले, गहाण पडले, सगळ्याचे एसएमएस तिथे. शेअर विकताना, गहाण टाकताना ओटीपी येतो तोही तिथेच. खातं उघडताना 'डीडीपीआय' नावाच्या कागदावर सही झाली असेल, तर विकताना ओटीपीही लागत नाही. ब्रोकरला परस्पर शेअर वळते करता येतात. जोडीदाराचा किंवा अवलंबून असलेल्या मुलाचा नंबर द्यायला नियमाची परवानगी आहे. म्हणजे बेकायदा काहीच नाही. फक्त आपल्या मालाची किल्ली आपल्याकडे नाही.

आमच्या ओळखीतली एक ताई आहे. वडिलांनी ठेवलेले थोडे शेअर तिच्या नावावर होते. मुलगा शिकलेला, नोकरीच्या शोधात. मोबाइलवर 'ऑप्शन'चे व्हिडिओ बघून तो आईच्या खात्यावर व्यवहार करू लागला. आईचे शेअर गहाण टाकून त्यावर मार्जिन घेतलं. दोन-तीन वेळा फायदाही झाला, तेव्हा आईला पैठणी आणली. मग फटका बसला, मार्जिन कमी पडलं आणि ब्रोकरने गहाण शेअर विकून टाकले. घराचं छत दुरुस्त करायला तिने ते शेअर मोडायचं ठरवलं, तेव्हा हे उघड झालं. ती मला म्हणाली, "सही माझीच आहे गं. पण कशावर केली, ते कुणी सांगितलंच नाही."

पोरगा वाईट नाही. असे लाखो आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. त्यात दिसलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत 'फ्युचर्स अँड ऑप्शन्स'मध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. तिसऱ्या वर्षी व्यवहार करणाऱ्यांमध्ये तिशीच्या आतले ४३ टक्के होते. आणि तोटा होऊनही तीन चतुर्थांशाहून जास्त लोक खेळत राहिले! पुढच्या वर्षीही, २०२४-२५ मध्ये, ९१ टक्के लोकांना तोटाच झाला. शंभर पोरं परीक्षेला बसली आणि त्र्याण्णव नापास झाली, तर आपण त्या शाळेत आपलं पोर घालू का? इथे मात्र आपल्या नावावर प्रवेश घेतला जातो आणि आपल्याला कळतही नाही.

शिवाय पॅन आपला, म्हणजे व्यवहारही आपलाच. प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत तो आपल्या नावावर दिसतो. उद्या नोटीस आली तर ती मुलाच्या नावाने येत नाही. आणि 'बायकोच्या नावावर टाकलं की कर वाचतो' हा समज तर फारच पसरलेला. नवऱ्याने बायकोला नुसते दिलेले पैसे गुंतवले, तर त्यावरचं उत्पन्न करासाठी सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. मग वाचलं काय?

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, घरच्या माणसांवर असा अविश्वास दाखवायचा का? मी त्यांना बचत गट आठवायला सांगते. आमच्या गटात जावा-जावा आहेत, सासू-सुना आहेत, शेजारणी आहेत. एकमेकींवर विश्वास आहे म्हणूनच गट चालतो. तरी दर बैठकीत हिशोब मोठ्याने वाचला जातो, पासबुक हातोहात फिरतं. नियमित हिशोब लिहिणं ही गटाच्या पंचसूत्रीतलीच गोष्ट. कुणाचे पन्नास रुपये कमी लागले तर बैठक उठत नाही. त्यात अध्यक्षबाईंना अपमान वाटत नाही. मग घरातला हिशोब विचारला तर तो अपमान कसा?

दुसऱ्या काही जणी म्हणतील, त्यातलं आपल्याला काय कळतंय? अहो, १९९२ चा तो घोटाळा बातमीत आणला तो सुचेता दलाल या पत्रकार बाईंनीच. अमेरिकेत बार्बर आणि ओडियन या दोन अभ्यासकांनी ३५ हजारांहून जास्त कुटुंबांची शेअरची खाती तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडला, की पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल करतात आणि त्या उलाढालीपायी स्वतःचाच परतावा बायकांपेक्षा जास्त घटवतात. उगाच रोज वर-खाली न करणं, घेतलेलं जपून ठेवणं हा आपला स्वभाव बाजारात दोष नाही, गुण आहे. म्हणून बाजाराकडे पाठ फिरवा असं मी म्हणत नाही. चांगल्या म्युच्युअल फंडात दरमहा थोडे पैसे टाकून दहा-पंधरा वर्षं वाट बघणं वेगळं आणि गुरुवारी घेतलेला ऑप्शन मंगळवारी शून्य होणं वेगळं. दोन्हीला लोक 'शेअर बाजार'च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आपल्या नावावर डिमॅट खातं आहे का, ते घरात सरळ विचारा. असेल तर सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे कुठला मोबाइल नंबर आणि ई-मेल नोंदवलाय ते बघा आणि स्वतःचा घाला. साध्या बटणांच्या फोनवरही एसएमएस येतो. खात्यात व्यवहार झाला की त्या महिन्याचं एकत्रित विवरणपत्र येतं, ते मागून घ्या. काय कळत नाही त्यावर पेन्सिलने खूण करा. डीडीपीआय दिलंय का, शेअर गहाण आहेत का, हे ब्रोकरला विचारा. फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग चालू असेल आणि तुम्हाला नको असेल तर तो बंद करायला लेखी सांगा. शेअर बाहेर जाऊ नयेत असं वाटत असेल तर डिमॅट खातं गोठवूनही ठेवता येतं. आणि वारसाचं नाव लावलंय का, तेही बघून घ्या.

भांडण करून नाही, जेवणं झाल्यावर निवांत बसून करा. मुलालाच म्हणा, "दाखव बाळा, कसं असतं ते." ज्याला लपवायचं काही नाही, तो आनंदाने दाखवेल. जो कुरकुर करेल, त्याच्याकडे जरा जास्तच बारकाईने बघा.

आमच्या गटाने एक ठरवलंय. दर बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं प्रत्येकीने मोबाइलवर आलेले बँकेचे आणि डिमॅटचे निरोप वाचायचे. एकीला नाही वाचता आले, तर शेजारचीने मदत करायची, पण मोबाइल तिच्याच हातात राहील. तुमच्या गटात, भिशीत, भजनी मंडळात हे जमतंय का बघा. फार काही लागत नाही. चष्मा तेवढा सोबत आणा.