आली त्या दिवशीचा नियम

ब्रिटनच्या गृहखात्यास,


गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या घरी एका बँक खात्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. लंडनबाहेर शिकणाऱ्या मुलीच्या नऊ महिन्यांच्या खर्चाचे 10,224 पौंड खात्यात सलग 28 दिवस दिसले पाहिजेत, एक दिवसही रक्कम त्याखाली उतरता कामा नये, हा तुमचा तेव्हाचा नियम. फी वेगळी. मुदतीआधी ठेवी मोडून पैसे जमवले होते. विसाव्या दिवशी रात्री साडेदहाला सौभाग्यवतींना आठवलं, की वीजबिल याच खात्यातून आपोआप कापलं जातं. चौदाशे रुपयांच्या बिलाने आमचं 28 दिवसांचं व्रत मोडलं असतं! मोबाइलवर ती सूचना रद्द होईपर्यंत दोघंही जेवलो नाही.

हे गाऱ्हाणं नव्हे. तुमचा देश, तुमचे नियम. किती जणांना घ्यायचं आणि किती दिवस ठेवायचं, हे तुम्हीच ठरवणार. आम्हीही पाहुण्याला मुक्काम विचारतोच. माझं म्हणणं एवढंच, की आम्ही दिवस मोजतो, तसे तुम्हीही मोजा.

शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरीची मुभा तुम्ही 2012 साली काढून घेतली आणि 2021 साली परत दिली. आता 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, दीडच वर्ष. आमची मुलगी एमएस्सीचा प्रबंध सप्टेंबरात देईल. पण निकाल विद्यापीठाने तुम्हाला कळवल्याशिवाय तिला अर्ज करता येत नाही. परीक्षकाने नाताळपर्यंत वेळ घेतला, तर तिचे सहा महिने गेले. तिच्याच घरात वरच्या खोलीत नाशिकचा एक मुलगा राहतो. तो 2024 साली तीन वर्षांच्या पदवीला आला, तेव्हा दोन वर्षांची मुभा होती. पास होईल 2027 मध्ये. त्याचं काय चुकलं? तो लवकर जन्मला नाही, एवढंच.

आणि हे सहा महिने किरकोळ नाहीत. व्हिसा पुरस्कृत करणारी कंपनी गाठायची, तर नव्याने कामाला लागणाऱ्यालाही आता साधारणपणे वर्षाला किमान 33,400 पौंड पगार लागतो, इतरांना 41,700. असा पगार पहिल्या फटक्यात मिळत नाही. आधी कॅफेत कप विसळायचे, मग कुठेतरी सहा महिन्यांचं कंत्राट, मग कुणीतरी विचारतं. शिवाय या मुभेचा काळ कुशल कामगारांच्या कायम वास्तव्याच्या पाच वर्षांत धरलाच जात नाही. त्या पाचाची दहा करण्याचा प्रस्ताव तुम्ही नोव्हेंबर 2025 मध्ये मांडलात, तोही आधीच येऊन राहिलेल्यांना धरून. अर्ध्या वाटेवर मैलाचा दगड पुढे सरकवायचा, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. पत्रात लिहीत नाही.

तुमच्याकडे हे नेहमी असंच होतं, असंही नाही. 1917 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली म्हणून भीमराव आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी दिली. मधल्या काळात त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा ती परवानगी जागेवर होती. 1923 मध्ये त्यांना डीएस्सी मिळाली. त्या मुक्कामातलं किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. मुलगी पहिल्या सुट्टीत तेच पाहून आली.

म्हणून मागणं साधं आहे. यापुढे येणाऱ्यांसाठी हवा तो नियम करा, दीड वर्ष करा, सहा महिने करा. ते तो वाचून येतील किंवा येणार नाहीत. पण जो विद्यार्थी व्हिसा घेऊन उतरला, त्याला तो उतरला त्या दिवशीचाच नियम शेवटपर्यंत लावा. तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्यात नसली, तर तुमच्या संगणकात नक्की असेल. इथल्या बँकेत आमच्या 28 दिवसांची नोंद आहे.

कळावे,
मिरजेचा एक पालक