दोनशेपेक्षा शंभर निवर्तने मोठी कशी?

१/ दानाची गोष्ट निघाली की आपण आकडा विचारतो: किती गावे, किती गाई, किती सुवर्ण? नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांतले शिलालेख मात्र वेगळाच प्रश्न विचारायला लावतात: ते दान घेणाऱ्याच्या उपयोगी पडले का?

२/ लेणे क्र. १०. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ३,००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो. येथे औदार्याने आधी गरज मोजली आहे.

३/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली; त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर या विजेत्याने आपला ठसा मारलेला आहे.

४/ याच राजाचे दोन लेख लेणे क्र. ३ मध्ये आहेत. राज्यवर्ष १८: पश्चिम काखडीतील, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत भिक्षूंना दिले. राज्यवर्ष २४: राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवतात की, काखडीत दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत.

५/ माझ्या मते या लेण्यांतील सर्वांत उदार वाक्य हेच. शत्रूच्या नाण्यांवर ठसा मारणाऱ्या राजाने आपल्याच दानातील उणीव दगडावर कोरू दिली. ओसाड दोनशेपेक्षा पिकणारी शंभर निवर्तने मोठी ठरली.

६/ शिवाय त्या जमिनीत राजपुरुषांनी शिरू नये, मीठ खणू नये, अशा सवलतीही दिल्या. दिलेल्या वस्तूवरचा आपला हात काढून घेणे, हाही दानाचाच भाग.

७/ आता घेणाऱ्याकडे पाहू. शेत पडीक असल्याची वार्ता कोणीतरी राजापर्यंत पोहोचवली, म्हणूनच आज्ञा निघाली. कृतज्ञता म्हणजे मौन, असा आपला समज असतो. परंतु ‘हे आमच्या उपयोगी पडत नाही’ असे नम्रपणे सांगणारा दात्याचा अवमान करीत नाही. तो त्याचे दान वाया जाण्यापासून वाचवतो.

८/ आज ग्रंथालयाला पुस्तके देताना वा पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा करताना आपण आधी विचारतो का, नेमके काय हवे? आणि नको ते आल्यावर तसे सांगण्याची मोकळीक घेणाऱ्याला ठेवतो का? सुमारे १,९०० वर्षांपूर्वी एका राजाला हे ऐकून घेण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.